सर्दी-खोकल्याची औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा थंडी पडली की एकाच तऱ्हेचे प्रश्न येत राहतात. कुणी माला-डी घेत असते, कुणी डॉक्टरांनी लिहून दिलेली महागडी गोळी, आणि सर्दी झाली की मेडिकलमधून आणलेली स्ट्रिप हातात धरून ती थबकते. घरात विचारायची सोय नसते, काउंटरपाशी चार माणसं उभी असतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. साधे प्रश्न आधी आहेत आणि अडचणीचे पुढे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर्दीची गोळी घेतली तर गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो का?

नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या सर्दी, ताप आणि खोकल्याच्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होत नाही. माला-डी किंवा माला-एन असो, खासगी कंपनीची गोळी असो (या सगळ्या दोन हॉर्मोनच्या ‘एकत्रित’ गोळ्या) की एकाच हॉर्मोनची मिनी-पिल, उत्तर तेच आहे. गोळी रोजच्या वेळेला घेत राहा. सर्दी आहे म्हणून ती मध्येच थांबवू नका. काही बायका ‘दोन औषधं एकत्र नकोत’ म्हणून सर्दीच्या चार दिवसांत गर्भनिरोधक गोळीच बंद ठेवतात. दिवस राहण्याचा खरा धोका त्या बंद ठेवण्यात आहे.

२. पण दोन्ही औषधं पोटात एकत्रच जातात ना? मग एकमेकांना त्रास का होत नाही?

गोळीतली हॉर्मोनं आतड्यातून रक्तात जातात आणि काही काळाने लिव्हर त्यांची मोडतोड करून त्यांना शरीराबाहेर काढतं. हे काम लिव्हरमधली एन्झाइम करतात. काही मोजकी औषधं अशी आहेत की ती सुरू केल्यावर शरीर ही एन्झाइम जास्त प्रमाणात बनवू लागतं. मग हॉर्मोनं लवकर संपतात आणि पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाहीत. बीजांड बाहेर पडणं थांबवायला रक्तात जेवढं हॉर्मोन लागतं, तेवढं उरत नाही. सर्दीच्या औषधांतलं एकही द्रव्य एन्झाइम अशी वाढवत नाही. जी औषधं वाढवतात ती प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहेत.

दुसरा मार्ग आतड्याचा. गोळी रक्तात जाण्याआधीच उलटून पडली तर ती घेतली नाही असंच धरायचं. त्याबद्दल प्रश्न ८ आणि ९ पाहा.

३. स्ट्रिपवर चार-चार नावं असतात. एकेकाचं सांगाल का?

पॅरासिटामॉल: गर्भनिरोधक गोळीचा परिणाम त्याने कमी होत नाही. उलट गोळी घेणाऱ्या बाईच्या शरीरातून पॅरासिटामॉल थोडं लवकर निघून जातं. म्हणून डोस वाढवायची मात्र गरज नाही. सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. तिन्ही घेतल्या तर नकळत डोस तिप्पट होतो आणि ते लिव्हरला घातक आहे. मोठ्या माणसाने २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये.

फेनिलएफ्रिन: चोंदलेलं नाक मोकळं करायला घातलेलं असतं. गर्भनिरोधक गोळीशी त्याचं भांडण नाही, रक्तदाबाशी आहे (प्रश्न १६). तसा त्याचा उपयोगही फारसा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतलेल्या फेनिलएफ्रिनने नाक मोकळं होत नाही. आपल्याकडे ते अजून असंख्य गोळ्यांत आहे. वाफ घेणं किंवा नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालणं मला त्यापेक्षा बरं वाटतं.

क्लोरफेनिरामीन, सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, मॉन्टेलुकास्ट: चालतात. पहिल्याने गुंगी बरीच येते, सेटिरिझिनने कमी. तिचा संबंध प्रश्न १० मध्ये येतो.

कॅफिन: काही सर्दीच्या गोळ्यांत असतं. इथे परिणाम उलट दिशेने होतो. एकत्रित गोळी घेणाऱ्या बाईच्या शरीरात कॅफिन जवळजवळ दुप्पट वेळ टिकतं. अशी गोळी संध्याकाळी घेतली, वर चहाही झाला, तर रात्री झोप लागत नाही आणि छातीत धडधडतं.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन, अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन अशी खोकल्याची औषधं, घसा खवखवताना चघळायच्या गोळ्या, व्हिटॅमिन सी: काही अडचण नाही.

नाकात घालायचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब: गर्भनिरोधक गोळीला चालतात. पण पाचेक दिवसांच्या पुढे वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

४. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ की मध्ये अंतर ठेवू?

अंतराची गरज नाही. एका घोटाबरोबर घेतल्या तरी चालतं. उपाशीपोटी मळमळत असेल तर दोन्ही जेवणानंतर घ्या. अपवाद एकच. पोट बिघडलं म्हणून कुणी कोळशाच्या गोळ्या घेतल्या असतील, तर कोळसा पोटातली औषधं शोषून घेतो. तेव्हा गर्भनिरोधक गोळी आणि कोळसा यांत बरेच तास जाऊ द्या.

५. डॉक्टरांनी अँटिबायोटिकही दिलंय. आता कंडोम वापरायलाच हवा का?

अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, डॉक्सिसायक्लिन ही दवाखान्यात नेहमी लिहिली जाणारी अँटिबायोटिक्स गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत त्यांना पहिल्या वर्गात ठेवलं आहे, म्हणजे दोन्ही बिनदिक्कत एकत्र घ्यावीत. जादा कंडोमची गरज नाही. अँटिबायोटिकने उलट्या किंवा जोराचे जुलाब सुरू झाले तर मात्र प्रश्न ८ आणि ९ वाचा.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागतच नाही, कारण सर्दी विषाणूंमुळे होते. ‘हे नक्की कशासाठी आहे?’ असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

६. मग ‘अँटिबायोटिकने गोळी फेल जाते’ असं सगळे का म्हणतात?

कारण एका अँटिबायोटिकच्या बाबतीत ते पूर्ण खरं आहे. ते म्हणजे रिफाम्पिसिन, टीबीच्या उपचारातलं मुख्य औषध. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत टीबीचे उपचार घेणाऱ्या आणि त्याच वेळी गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या बायकांच्या पाळीत गडबड दिसू लागली, काहींना दिवसही गेले. तेव्हापासून ती भीती सगळ्या अँटिबायोटिक्सना चिकटली.

महाराष्ट्रात या उत्तराला फार महत्त्व आहे. ‘सर्दी-खोकला’ म्हणून सुरू झालेलं दुखणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर थुंकी तपासून घ्यावी लागते, आणि त्यातल्या काही जणींना टीबी निघतो. उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. रिफाम्पिसिन दोन्ही टप्प्यांत असतं. लघवीचा रंग नारिंगी-लालसर होतो तो त्याच्यामुळेच. ते लिव्हरमधली एन्झाइम इतकी वाढवतं की एकत्रित गोळी आणि मिनी-पिल या दोन्हींवर विसंबून राहता येत नाही. गोळी घेतल्याचं समाधान राहतं, संरक्षण राहत नाही.

तेव्हा काय करायचं? टीबीचं औषध सुरू करतानाच तिथल्या डॉक्टरांना किंवा नर्सताईंना सांगा की मी गर्भनिरोधक गोळी घेते. संकोच बाजूला ठेवून हे एक वाक्य बोलाच. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि कॉपर-टी या दोन्हींवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही (प्रश्न १३). टीबी ओटीपोटातला असेल तर मात्र कॉपर-टी नव्याने बसवत नाहीत. औषधं संपल्यावरही वाढलेली एन्झाइम लगेच खाली येत नाहीत, म्हणून शेवटच्या डोसनंतर आणखी चार आठवडे दुसरं साधन चालू ठेवायचं.

एक गोष्ट बहुतेकींच्या लक्षात येत नाही. घरात कुणाला टीबी निघाला तर बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्या देतात. त्यातला एक कोर्स आठवड्यातून एकदा, असा बारा आठवडे घ्यायचा असतो आणि त्यात रिफापेन्टिन असतं. तेही याच जातीचं औषध आहे. ‘मी आजारी नाही, नुसत्या खबरदारीच्या गोळ्या आहेत’ असं म्हणून हे सोडून देऊ नका.

७. टीबीशिवाय आणखी कुठल्या औषधांना जपायचं?

फिट्ससाठीच्या काही औषधांना: फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, प्रिमिडोन, ऑक्सकार्बाझेपिन आणि टोपिरामेट. एचआयव्हीच्या काही औषधांना, उदाहरणार्थ एफाव्हिरेन्झ. गजकर्णासाठी पूर्वीपासून दिलं जाणारं ग्रिसिओफल्व्हिनही डॉक्टरांच्या कानावर घालावं. त्या उपचारात दिवस राहू न देणंच चांगलं असतं.

लॅमोट्रिजिनचं प्रकरण उलटं आहे. एकत्रित गोळीमुळे रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी होतं आणि थांबलेल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईने गर्भनिरोधक गोळी स्वतःहून सुरूही करू नये आणि अचानक बंदही करू नये. दोन्ही वेळा डोस बघावा लागतो.

फ्लूसाठीचं ओसेल्टामिविर चालतं. फ्लूची किंवा कोविडची लस घेतल्याने गोळीचं काही बिघडत नाही. कोविडसाठी रिटोनाविर असलेलं औषध दिलं असेल तर त्या काळात आणि पुढच्या पाळीपर्यंत कंडोमही वापरा.

८. खोकून खोकून उलटी झाली. गोळी पडली असेल का?

गोळी घेतल्यापासून किती वेळाने उलटी झाली यावर ते ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत २ तासांची मर्यादा दिली आहे, ब्रिटनमध्ये ३ तास धरतात, तर काही पाकिटांतल्या माहितीपत्रकात ३ ते ४ तास लिहिलेलं असतं. माझा सल्ला ३ तासांचा. त्याच्या आत उलटी झाली तर पाकिटातली पुढची हॉर्मोनची गोळी लगेच घ्या, आणि उद्याची उद्या नेहमीच्या वेळेला. पाकीट एक दिवस आधी संपेल, त्याने काही बिघडत नाही. उलटीत गोळी दिसली की नाही हे शोधत बसू नका.

तीन तासांनंतर उलटी झाली तर काहीच करायला नको. माला-डी किंवा माला-एनमधली शेवटच्या सातांपैकी एखादी गोळी उलटून पडली तरीही नाही, कारण त्या सात गोळ्या लोहाच्या असतात. उलट्या थांबतच नसतील आणि एकही गोळी पोटात टिकत नसेल तर चुकलेल्या गोळ्यांचा नियम लावा (प्रश्न १०).

९. सर्दी-तापाबरोबर जुलाबही लागलेत.

दोन-चार वेळा पातळ झालं तर चिंता नको. दिवसात सहा-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब होत असतील आणि ते २४ तासांपेक्षा जास्त चालले, तर गोळी नीट शोषली जात नाही असं धरा. गोळ्या घेत राहा, जुलाबाचे ते सगळे दिवस आणि बरं वाटल्यानंतरचे सात दिवस कंडोम वापरा. ओआरएस मात्र पहिल्या जुलाबापासूनच सुरू करा.

१०. सर्दीच्या औषधाने अशी गुंगी आली की रात्रीची गोळी राहूनच गेली. आता?

सर्दीच्या काळात दिवस राहण्याचं मला दिसणारं सगळ्यात खरं कारण हेच. जेवून गोळी घेऊ म्हणताना क्लोरफेनिरामीन आपलं काम करतं, आणि जाग येते ती सकाळी दूधवाल्याच्या हाकेने.

एकत्रित गोळीच्या बाबतीत: एक गोळी चुकली असेल तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. संरक्षण टिकून राहतं.

लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी घ्या, आधीच्या सोडून द्या, पाकीट पुढे चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. हे पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात झालं असेल आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर संबंधानंतर घ्यायच्या आपत्कालीन गोळीचा विचार करा (प्रश्न १४). हॉर्मोनच्या शेवटच्या सात गोळ्यांमध्ये चुकलं असेल, तर लोहाच्या गोळ्या न घेता उरलेल्या हॉर्मोनच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्या दिवसापासून थेट नवं पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी आली नाही तर घाबरू नका.

सर्दीच्या दिवसांपुरती गर्भनिरोधक गोळी सकाळी ब्रश केल्यावर घ्यायची ठरवली तर हा घोळ होतच नाही. वेळ बदलताना मात्र पुढची गोळी उशिरा नव्हे, लवकर घ्यायची. रात्री नऊची सकाळी आठला आणायची असेल तर रात्रीची वाट न पाहता त्याच सकाळी घ्या.

११. बाळाला अंगावर पाजते, मिनी-पिल चालू आहे. माझ्यासाठी काही वेगळं?

सर्दीच्या औषधांबाबत उत्तर तेच, पण वेळेबाबत तुम्हाला जास्त काटेकोर राहायला हवं. ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला १२ तासांची सवलत असते. जुन्या पद्धतीच्या मिनी-पिलला फक्त ३ तासांची. त्यापेक्षा उशीर झाला तर आठवताच गोळी घ्या आणि पुढचे दोन दिवस कंडोम वापरा.

सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का ते बघा, त्याने दूध कमी होतं. गुंगी आणणारी औषधंही टाळलेली बरी, बाळ सुस्त होऊ शकतं. तापाला साधं पॅरासिटामॉल पुरतं. बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी घरातल्या कुणाची माला-डी उसनी घेऊ नका. एकत्रित गोळी त्या काळात पाजणाऱ्या आईसाठी नाही.

१२. आशाताईंनी ‘छाया’ दिली आहे. तिला सर्दीची औषधं चालतात का?

चालतात. छाया किंवा सहेली ही लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली, हॉर्मोन नसलेली गोळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. गोळी रोजची नसल्याने आजारपणात वार विसरायची भीती जास्त. सात दिवसांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, पुढचं वेळापत्रक तसंच ठेवा आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरा. सात दिवस उलटून गेले असतील तर पुन्हा आठवड्यातून दोनदापासून सुरुवात करावी लागते. या गोळीने पाळी लांबते, त्याचा दोष सर्दीच्या औषधाला देऊ नका. मात्र गोळी चुकलेली असेल आणि पाळी लांबली असेल तर चाचणी करून घ्या.

१३. अंतरा इंजेक्शन किंवा कॉपर-टी असेल तर?

निश्चिंत राहा. सर्दीची औषधं, अँटिबायोटिक, उलटी, जुलाब, यांतल्या कशाचाही त्यांच्यावर परिणाम नाही. अंतराची तीन महिन्यांची तारीख आजारपणात चुकवू नका, एवढंच.

१४. आपत्कालीन गोळी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी सर्दी झाली. औषध घेऊ का?

घ्या. १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या त्या गोळीला सर्दीच्या औषधांनी बाधा येत नाही. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी चांगली. घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी लागते.

रिफाम्पिसिन किंवा प्रश्न ७ मधली फिट्सची औषधं चालू असतील, अथवा ती थांबवून चार आठवडे झाले नसतील, तर एक गोळी पुरत नाही. अशा वेळी पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं सर्वांत खात्रीचं. ते शक्य नसेल तर दुप्पट डोस देतात, पण तो डॉक्टरांना विचारून.

१५. औषध नको म्हणून आई काढा देते. तो तरी चालेल ना?

तुळस, आलं, गवती चहा, मिरी, हळद, अडुळसा असा घरचा काढा चार-पाच दिवस प्यायल्याने गर्भनिरोधक गोळी निकामी होते, असं कुठे दिसलेलं नाही. ज्येष्ठमधाबद्दल मात्र सावध करते. घसा बसला म्हणून दोन दिवस तुकडा चघळला तर ठीक. तेच आठवडेच्या आठवडे रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. एकत्रित गोळी घेणाऱ्या बाईचा रक्तदाब आधीच थोडा वर सरकलेला असू शकतो.

नाव न लिहिलेल्या पुड्या आणि ‘सगळ्या सर्दीवर एकच’ अशा बेनावी गोळ्या घेऊ नका. त्यात काय घातलंय हे कळायला मार्ग नसतो.

१६. मला थोडं बीपी आहे आणि गोळीही चालू आहे. सर्दीची गोळी घेऊ का?

फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली घेऊ नका. ही द्रव्यं रक्तवाहिन्या आकसवतात आणि रक्तदाब वाढवतात. ॲलर्जीची साधी गोळी, पॅरासिटामॉल आणि वाफ यांवर भागवा.

खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहत असेल तर एकत्रित गोळी तुमच्यासाठी योग्य नाही. वय ३५ च्या पुढे असून सिगारेटची सवय असेल तरीही नाही. माला-डी चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून कित्येकींचा रक्तदाब गोळी सुरू करताना एकदाही मोजलेला नसतो. उपकेंद्रात तो फुकट मोजून मिळतो.

१७. दम्यामुळे थिओफिलिनची गोळी चालू आहे. सर्दी झाली की डॉक्टर तीच वाढवतात.

मग त्यांना सांगा की गर्भनिरोधक गोळी चालू आहे. एकत्रित गोळीमुळे शरीरातून थिओफिलिन हळू बाहेर पडतं आणि रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. मळमळ, हात थरथरणं, धडधड ही त्याची चिन्हं. गर्भनिरोध तसाच राहतो, डोस मात्र दम्याच्या औषधाचा बघावा लागतो. इनहेलर आणि नाकातले स्टेरॉइडचे फवारे यांना ही अडचण नाही.

१८. माझ्या गोळीत ड्रोस्पिरेनोन आहे. अंगदुखीला आयबुप्रोफेन चालेल का?

दोन-तीन दिवस चालेल. ड्रोस्पिरेनोन शरीरातलं पोटॅशियम थोडं वाढवतं, आयबुप्रोफेनही रोज बरेच दिवस घेतलं तर तेच करतं. त्यात मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल यांपैकी काही चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटॅशियम तपासून घ्यावं लागतं.

पावसाळ्यातल्या तापात आयबुप्रोफेन टाळाच. ताप डेंग्यूचा निघाला तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्या.

१९. सायनसमुळे डोकं दुखतं म्हणून दर महिन्याला सर्दीच्या गोळ्या घेते. गोळीशी काही संबंध?

असू शकतो. अर्धं डोकं ठणकणं, उजेड नकोसा होणं, मळमळणं ही लक्षणं बहुधा मायग्रेनची असतात, आणि आपल्याकडे त्याला सर्रास सायनस म्हणतात. डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसत असतील, किंवा हाताला-तोंडाला मुंग्या येत असतील, तर एकत्रित गोळी बंद करून दुसरं साधन घ्यायला हवं. अशा मायग्रेनमध्ये ती गोळी पक्षाघाताचा धोका वाढवते. सर्दीच्या गोळ्यांनी डोकेदुखी दाबत राहिलं की हे वर्षानुवर्षं लपून राहतं.

२०. खोकला आहे, छातीत दुखतं, धाप लागते. सर्दीच छातीत उतरली असेल ना?

एकत्रित गोळी चालू असताना असं गृहीत धरू नका. अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यांपैकी काहीही झालं तर ती पायात झालेली किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी असू शकते. काढ्याची वाट न पाहता दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा, आणि गोळी घेते हे पहिल्या वाक्यात सांगा.

हे क्वचित घडतं. गोळी न घेणाऱ्या दर १०,००० बायकांत वर्षाला साधारण दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळीने, माला-डीही त्यातच येते, पाच ते सात जणींना, तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोनच्या गोळीने नऊ ते बारा जणींना. तापात दिवसचे दिवस पडून राहणं आणि पाणी कमी पिणं याने धोका वाढतो.

२१. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेते आहे, आणि नेमकी सर्दी झालीय.

सर्दीची औषधं घ्या, त्या गोळीतल्या नॉरेथिस्टेरोनवर त्यांचा परिणाम होत नाही. एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. दिवसातून तीनदा घ्यायची ही पाच मिलिग्रॅमची गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नसते. त्या दिवसांत संबंध आला तर कंडोम लागतोच. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल तर ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. हिचाही धोका तिथेच आहे.

२२. मी अमेरिकेत असते. इथल्या बिनचिठ्ठीच्या गोळीबद्दल काय?

तिथे जुलै २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळालेली ओपिल ही नॉरजेस्ट्रेलची मिनी-पिल आहे, आणि तिला ३ तासांचाच नियम लागतो (प्रश्न ११). रात्रीसाठी म्हणून मिळणाऱ्या तिथल्या सर्दीच्या औषधांनी गाढ झोप लागते, तेव्हा गजर लावून ठेवा. सर्दीची औषधं चालतात. ‘मूड’ सुधारण्यासाठी दुकानात सहज मिळणारं सेंट जॉन्स वर्ट मात्र चालत नाही. ते वनस्पतीचं असलं तरी रिफाम्पिसिनसारखीच एन्झाइम वाढवतं, आणि थांबवल्यावरही चार आठवडे सांभाळावं लागतं.

२३. सर्दीच्या आठवड्यात मध्येच डाग लागले. म्हणजे गोळी फेल गेली का?

बहुधा नाही. आधी पाकीट काढा आणि गोळ्या मोजा. पुष्कळदा त्यात एखादी राहून गेलेली सापडते. मग प्रश्न १० प्रमाणे वागा. उलटी झाली होती का आठवा. गोळी नव्याने सुरू करून तीन महिने झाले नसतील तर डाग लागणं नेहमीचं आहे. सगळं वेळेवर होतं, गोळी जुनी आहे आणि गेल्या काही आठवड्यांत प्रश्न ६ किंवा ७ मधलं एखादं औषध सुरू झालं आहे, असं असेल तर ते डाग गोळी पुरत नसल्याची खूण समजा. त्याच दिवसापासून कंडोम वापरा आणि दोन्ही स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा. पाकीट संपल्यावर नेहमीसारखी पाळी आली नाही तर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी घरीच करता येते. ती नकारात्मक आली तर आठवड्याने पुन्हा एकदा करा.